समुद्राजवळच्या घराला कंपोझिट डेक करायचा आहे. कोकणच्या पावसात तो टिकेल का?

नीलाक्षी

नमस्कार. मालवण तालुक्यात, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत, आमचे चिऱ्यांचे कौलारू घर आहे. पश्चिमेकडच्या पडवीला लागून सुमारे २० फूट बाय १२ फूट मोकळी जागा आहे. पावसाळ्यात तिथे चिखल होतो आणि ऑक्टोबरनंतर धूळ उडते. आईवडील वर्षभर तिथेच राहतात, दोघांचीही सत्तरी उलटली आहे, आणि आम्ही पुण्याहून सणावारी व सुटीत जातो. पडवीतून पायरी न उतरता संध्याकाळी मोकळ्यावर बसता यावे, अशी वडिलांची इच्छा आहे. पडवीचे जोते जमिनीपासून साधारण दीड फूट उंच आहे. त्यामुळे भराव घालून फरशी करण्यापेक्षा खाली मोकळी जागा ठेवून डेक, म्हणजे सांगाड्यावर फळ्या बसवलेला ओटा, करावा, असे आमच्या मनात आहे.

लाकडी डेकला दरवर्षी तेल द्यावे लागते आणि ते काम आईवडिलांच्या अंगावर टाकायचे नाही, म्हणून लाकूड आणि प्लॅस्टिकच्या मिश्रणाच्या फळ्यांचा, म्हणजे डब्ल्यूपीसीचा विचार केला. दोन ठिकाणांहून दर आले आहेत. एकाने पोकळ फळ्या आणि जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचा सांगाडा सुचवला आहे, तर दुसऱ्याने वरून आवरण असलेल्या भरीव फळ्या आणि ॲल्युमिनियमचा सांगाडा. दुसऱ्याचा आकडा बराच मोठा आहे. दोघेही ‘देखभाल शून्य’ असे सांगतात. मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. आपल्याकडच्या दमट हवेत या फळ्यांना बुरशी धरते का? सांगाडा कशाचा असावा? आणि देखभाल शून्य म्हणजे नेमके काय करावे लागत नाही, आणि तरीही काय करावे लागते? नात्यातल्या काहींचा आग्रह सागवानाचाच आहे. त्याबद्दलही अनुभवी मंडळींनी मत द्यावे.

चौथरा

नीलाक्षीताई, मी याच जिल्ह्यात घरबांधणीची कामे पाहतो, म्हणून आधी सांगाड्याबद्दल लिहितो. डेकचा दर विचारताना सगळी चर्चा फळीच्या रंगावर आणि जाडीवर होते. आपल्या किनाऱ्यावर मात्र डेक खराब होतो तो बहुधा खालून. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात फळीच्या खालची बाजू, पाइप आणि फळ्या सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या क्लिपा आठवडेच्या आठवडे वाळत नाहीत. त्यात खारा वारा आला. उघड्यावरच्या लोखंडावर बसलेले मीठ पाऊस निदान धुऊन तरी नेतो. डेकच्या खाली मीठ पोचते, पण धुणारा पाऊस तिथे नीट पोचत नाही. म्हणून दिसणाऱ्या कठड्यापेक्षा न दिसणारा पाइप आधी गंजतो.

आता जीआय पाइपबद्दल. बाजारात सहज मिळणारा चौकोनी जीआय पाइप हा आधी जस्त चढवलेल्या पातळ पत्र्याचा केलेला असतो. १२० ग्रॅमचा पत्रा म्हटला, तर ते १२० ग्रॅम जस्त दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून असते, म्हणजे एका बाजूला जेमतेम ८ ते ९ मायक्रॉनचा थर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वेल्डिंग केले की जोडापाशी तोही जळतो, आणि फॅब्रिकेटर त्यावर चंदेरी रंगाचा एक हात मारून मोकळा होतो. समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर अशा सांगाड्याचा भरवसा मी देणार नाही. लोखंडच वापरायचे असेल, तर ३ मिलिमीटरपेक्षा जाड सेक्शन घ्या. कापणे, भोके पाडणे, वेल्डिंग हे सगळे आधी उरकून मग ते तुकडे वितळलेल्या जस्ताच्या टाकीत बुडवून आणा. तसे केल्यावर थर सरासरी ७० मायक्रॉनच्या घरात जातो. नंतर जागेवर फक्त नटबोल्टने जोडणी करावी. तिथे पुन्हा वेल्डिंग झाले, तर टाकीत बुडवण्याचा खर्च वाया गेला असे समजा.

ॲल्युमिनियमचा पर्याय आपल्या जागेला अधिक योग्य आहे, पण त्याचीही पथ्ये आहेत. ओल्या सिमेंटशी थेट संबंध आला की ॲल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून प्रत्येक आधारावर जाड रबराची पट्टी हवीच. साध्या लोखंडी स्क्रूशी खाऱ्या ओलीत त्याचे पटत नाही. स्क्रू आणि क्लिपा स्टेनलेस स्टीलच्या, आणि त्यातही ३१६ ग्रेडच्या घ्या. ३०४ ग्रेडवर समुद्राजवळ चहासारखे तपकिरी डाग येतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्यामुळे ते मिठाला अधिक तोंड देते. दरपत्रकात नुसते ‘एसएस क्लिप’ असे असेल, तर ग्रेड लिहून घ्या.

खालच्या जमिनीचे काम सोपे असते, पण नेमके तेच टाळले जाते. वरची काळी माती आणि मुळे काढा, जमिनीला घरापासून बाहेरच्या दिशेने उतार द्या, तणरोधक कापड अंथरा आणि त्यावर चार इंच खडी पसरा. आधारासाठी काँक्रीटचे ठोकळे करा. चिऱ्याचे खांब केलेत तर जांभा पाणी शोषतो, म्हणून त्यांच्या माथ्यावर काँक्रीटची टोपी असू द्या. आपल्याला दीड फुटाची उंची मिळते आहे, ही मोठी जमेची बाजू आहे. सांगाड्याची जाडी वजा केली तरी खाली सुमारे फूटभर हवा खेळेल. ती हवा बाजूंनी फळ्या ठोकून कोंडू नका.

सुतारपक्षी

सांगाड्याबद्दल वर आले ते मला पूर्ण मान्य आहे. मी फळीबद्दल लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडे डब्ल्यूपीसी या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. दाराच्या चौकटी आणि स्वयंपाकघरातली कपाटे ज्याची करतात, तो बोर्ड बहुतांशी फोमसारखा फुगवलेला पीव्हीसी असतो. तो पाण्याला उत्तम, पण उन्हात आणि पायाखाली वापरण्यासाठी तो नाही. डेकची फळी म्हणजे लाकडाचा भुसा, बांबूचा चुरा किंवा भाताचे तूस आणि पॉलिथिलीन यांचे मिश्रण साच्यातून दाबून काढलेले असते. त्यात तंतूंचा वाटा साधारण निम्मा किंवा थोडा अधिक असतो. हे तंतू प्लॅस्टिकमध्ये नीट बुडालेले असतील तर पाणी आत जात नाही. ते पृष्ठभागावर उघडे राहिले, तर तिथून ओल शिरते, फळी किंचित फुगते, आणि बुरशीला खाद्य मिळते. सुमारे २०१० पासून मोठ्या उत्पादकांनी फळीवर शुद्ध प्लॅस्टिकचे आवरण साच्यातूनच चढवण्याची पद्धत रूढ केली, ती याच कारणाने. आपल्याला दुसऱ्याने सुचवलेली फळी त्या प्रकारची आहे. एकच विचारून घ्या: आवरण चारही बाजूंनी आहे की खालची बाजू उघडी आहे? काही फळ्यांना ते फक्त वरून आणि कडांना असते. आपल्या पावसात खालची बाजूच जास्त वेळ ओली राहते, म्हणून चारही बाजूंचे आवरण असलेली घ्यावी.

पोकळ फळी हलकी आणि स्वस्त असते, पण कोकणात मी ती सुचवत नाही. तिच्या पोकळीत पाणी शिरते, टोपण लावले तर ते आतच साठते, आणि टोपण नाही लावले तर मुंग्या आणि गांधीलमाश्या घर करतात. जड कुंडी कडेवर पडली की वरचा पातळ पापुद्रा फुटतो तो वेगळाच.

नमुना मागून घ्या आणि स्वतः पाहा. फळीचा वीतभर तुकडा करवतीने कापून आणा. कापलेल्या तोंडावर आवरण आणि गाभा एकजीव दिसायला हवेत. नखाने किंवा चाकूच्या टोकाने आवरण सुटून येत असेल, तर ती फळी नको. मग तो तुकडा सोनाराच्या काट्यावर तोला, दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा तोला. चांगल्या फळीचे वजन एखाद-दोन टक्क्यांहून जास्त वाढत नाही. कापलेले तोंड बोटाने चोळल्यावर भुसा सुटत असेल, तर तंतू आणि प्लॅस्टिक यांची पकड कच्ची आहे. डेकच्या फळ्यांसाठी युरोपात ईएन १५५३४ आणि अमेरिकेत एएसटीएम डी ७०३२ ही मानके आहेत. विक्रेत्याकडे त्यांपैकी एकाचा चाचणी अहवाल असेल तर तो मागावा, आणि अहवालावरचे फळीचे नाव व आपल्याला दिलेल्या फळीचे नाव एकच आहे ना, हेही पाहावे.

बसवताना दोन गोष्टींवर वाद होतात. पहिली म्हणजे आधाराचे अंतर. भरीव फळीला ते मध्यापासून मध्यापर्यंत ४०० मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नये; तिरपी मांडणी असेल तर ३०० च्या आत. पाइप वाचवण्यासाठी कारागीर ६०० वर जातात. मग दुसऱ्या उन्हाळ्यात फळी दोन आधारांमध्ये झोळ धरते. दुसरी गोष्ट म्हणजे प्रसरण. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, ही फळी मात्र वाढते. तापमान एका अंशाने वाढले की ती मीटरमागे साधारण ०.०३ ते ०.०६ मिलिमीटर लांब होते. डिसेंबरच्या सकाळी बसवलेली २.४ मीटरची फळी मे महिन्याच्या दुपारी ४० अंशांनी अधिक तापली, तर ती सुमारे ५ मिलिमीटर वाढेल. म्हणून टोकाला टोक भिडवायचे नाही, भिंतीपाशी किमान १० मिलिमीटर मोकळे ठेवायचे, आणि प्रत्येक फळी मधोमध एकाच ठिकाणी पक्की करून बाकीच्या क्लिपांमध्ये तिला सरकू द्यायचे. दोन फळ्यांमध्ये लांबीच्या बाजूने ५ ते ६ मिलिमीटर फट ठेवावी. ही फट पाणी जाण्यासाठीही लागते.

सागवानाबद्दल आपल्या नातेवाइकांचे म्हणणे चुकीचे नाही. जुन्या झाडाचा आतला गाभा असेल, तर सागवानाला तोड नाही. अडचण अशी, की आज मिळणाऱ्या बहुतेक मालात कडेचा पांढरा भाग येतो आणि तो पाण्यात लवकर कुजतो. तेल दिले नाही तरी गाभ्याला धक्का लागत नाही, फक्त रंग राखाडी होतो. आपल्या आईवडिलांना तो राखाडी रंग चालणार असेल आणि खात्रीचा माल मिळणार असेल, तर सागवानाचाही विचार करावा. मात्र लहान चिरा पडून कडा टोकदार होतात, आणि अनवाणी पायांना ते जाणवते.

बायूकाठ

मी गेली अनेक वर्षे ह्यूस्टनला राहते. इथला पाऊस कोकणाच्या निम्माही नाही, पण हवा वर्षभर दमट असते आणि घरोघरी मागच्या बाजूला असे डेक असतात. बुरशी आणि देखभालीबद्दल मला थोडे सांगता येईल.

बुरशी धरते. आवरण असलेल्या फळीवरही धरते, फक्त ती फळीत शिरत नाही. ती परागकण, धूळ, कुजलेली पाने यांच्या पातळ थरावर जगते. म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्चीला जे करावे लागते, तेच इथेही करावे लागते: तो थर बसू द्यायचा नाही. आमच्याकडे फळ्यांच्या फटीत ओकची पाने अडकतात आणि तिथूनच काळे ठिपके पसरू लागतात. पातळ पट्टीने फटी मोकळ्या केल्या, साबणाच्या पाण्याने मऊ कुंच्याने घासले आणि भरपूर पाण्याने धुतले, की पुरते. शेवाळ धरलेच, तर सोडियम परकार्बोनेटची पूड पाण्यात मिसळून टाकावी. ती कपडे धुण्याच्या ऑक्सिजन ब्लीचमध्ये असते. तारेचा ब्रश वापरू नये. जोराच्या पाण्याचे यंत्र फळीच्या अगदी जवळ धरू नये, कारण आवरणावर एकदा चरे उमटले की ते जात नाहीत, आणि घाण त्यातच बसते. लाकडासारखे घासून, पॉलिश करून ही फळी नवी करता येत नाही, हे मुळातच स्वीकारावे लागते.

साबण तसाच राहिला तर फळी निसरडी होते. आईवडिलांच्या वयाचा विचार करता हे मी आवर्जून लिहिते आहे. खोल पन्हळी असलेली फळी दिसायला पकड देणारी वाटते, पण पन्हळीत गाळ साठला की तिथे शेवाळ धरते. बारीक रेषांची किंवा खरबरीत पोताची फळी झाडूने स्वच्छ निघते, म्हणून ती बरी. पन्हळीचीच घेतलीत, तर पन्हळी उताराच्या दिशेने धावायला हव्यात.

रंग फिका निवडा. पश्चिमेचे ऊन आणि गडद चॉकलेटी फळी एकत्र आली, की दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही. सावली नसेल, तर फिक्या फळीचाही चटका बसतोच, पण कमी. आणखी एक: रबराच्या पायपुसण्यांनी आणि कुंड्यांखालच्या रबरी पट्ट्यांनी फळीवर कायमचे डाग पडतात. लोखंडी स्टँडच्या गंजाचेही तसेच.

नीलाक्षी

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पोकळ फळीचा विचार सोडला आहे. आता जागेशी संबंधित तीन शंका उरल्या आहेत. पडवीच्या कौलांच्या पागोळ्या नेमक्या डेकच्या पहिल्या दोन फुटांवर पडतील. दक्षिणेच्या कोपऱ्यावर हापूसची मोठी फांदी आहे आणि ती तोडायला वडील तयार नाहीत. आणि आईची भीती अशी, की खाली फूटभर अंधारी जागा राहिली तर तिथे जनावर, म्हणजे साप, येईल. आमच्या वाडीत फुरसे अनेकदा दिसते.

बार्देस

आंब्याच्या फांदीबद्दल लिहितो, कारण आमच्या गोव्यातल्या घरी हीच स्थिती आहे. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे पडले, की पानांवरून चिकट स्राव ठिबकतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. बागायतदारांना ती पानांवर ठाऊक असते. खाली फळी असेल तर फळीवरही तीच उतरते. ती फळीचा दोष नव्हे, तर स्रावामुळे येते. तो ताजा असताना कोमट साबणपाण्याने लगेच निघतो, पण वाळून काळा झाला की दोनदा-तीनदा घासावे लागते. म्हणून जानेवारी ते मार्च त्या कोपऱ्याला आठवड्यातून एकदा पाणी मारावे. फळांचा चीक आणि रतांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, रस यांचेही डाग धरतात. मे महिन्यात आमसुले डेकवर वाळत घालायची असतील, तर खाली जाड कापड किंवा चटई असावी.

पागोळ्यांसाठी मी सुचवेन, की भिंतीलगतचे दोन फूट डेकच करू नये. तिथे जांभ्याची फरसबंदी करून घ्यावी. पाण्याचा मार खाण्यासाठी दगडासारखे दुसरे काही नाही.

चौथरा

बार्देस यांची सूचना एरवी मलाही आवडली असती, पण तसे केले तर पडवी आणि डेक यांच्यामध्ये उतरण-चढण येते आणि वडिलांच्या मूळ इच्छेलाच बाधा येते. पडवीच्या वळचणीला पन्हाळ लावा आणि पाणी पाइपने बाजूला काढा, हे मी आधी करीन. पत्र्याऐवजी पीव्हीसीचे पन्हाळ घ्या, त्यावर जाळी असू द्या, म्हणजे आंब्याच्या पानांनी ते तुंबणार नाही. पन्हाळ लागले, तर डेकचा माथा पडवीच्या लादीच्या पातळीत ठेवायलाही हरकत नाही. भिंतीपाशी दहा-बारा मिलिमीटर फट आहे, फळ्यांमध्ये फटी आहेत, आणि उतार बाहेरच्या दिशेने आहे, तेव्हा पाणी पडवीकडे फिरणार नाही. फळ्या घराच्या भिंतीला काटकोनात घ्या आणि खालचे पाइप भिंतीला समांतर. शंभराला एक असा उतार दिला, तर १२ फुटांत सुमारे दीड इंचाचा फरक पडतो; बसताना तो जाणवत नाही. १२ फुटांत एक फळी पुरणार नाही, म्हणून जिथे दोन फळ्यांची टोके येतील तिथे शेजारीशेजारी दोन पाइप घालायला सांगा. एकाच पाइपवर दोन टोके बसवली, की दोन्हींना पुरेसा टेका मिळत नाही.

जनावराची भीती रास्त आहे आणि तिच्यावर उपाय हवा तितकाच सोपा आहे. डेकच्या तिन्ही उघड्या बाजूंना स्टेनलेस स्टीलची बारीक छिद्रांची जाळी चौकटीत बसवा. हवा खेळेल, पण उंदीर, बेडूक आणि त्यांच्या मागावर येणारे जनावर आत जाणार नाही. जाळी खाली खडीत चार बोटे रुतलेली असावी. एका बाजूची चौकट स्क्रूने काढता येण्यासारखी ठेवा, म्हणजे पावसाळ्याआधी आणि नंतर आत बॅटरी मारून पाहता येईल. फुरसे दगडांच्या सांदीत आणि पाचोळ्यात दडते. खाली चिऱ्यांचे तुकडे, झावळ्या, जुनी कौले साठवू नका. डेकखालची जागा आपोआप अडगळीची खोली होते, हे मी फार घरांत पाहिले आहे.

तपासताना वाळवीकडेही लक्ष असू द्या. फळीला वाळवी खात नाही म्हटले तरी चालेल, पण डेकच्या आडोशाने ती जोत्यावरून मातीची नळी करत पडवीच्या खांबांपर्यंत आणि तिथून वाशांपर्यंत जाऊ शकते. पूर्वी जोते उघडे होते, म्हणून नळी दिसत असे. आता ते झाकले जाणार आहे. काम सुरू करण्याआधी जोत्यालगत वाळवीप्रतिबंधक औषध टोचून घ्या.

पावसाळ्यात डेकवर ताडपत्री घालू नये. गावातली मंडळी प्रेमाने तसे सुचवतील, पण ताडपत्रीखाली ओल कोंडते आणि शेवाळ दुप्पट धरते. खुर्च्या आणि कुंड्या आत घ्या आणि डेक उघडा राहू द्या. श्रावणात ऊन पडेल तेव्हा एकदा झाडून घेतले, तरी पुष्कळ.

कामाची वेळ म्हणाल, तर जमीन आणि काँक्रीटचे ठोकळे दिवाळीनंतर करून घ्या, म्हणजे ठोकळ्यांवर पाणी मारायला अवधी मिळेल. सांगाडा जानेवारीत उभा राहिला, की फळ्या लावण्याआधी स्वतः या आणि टेपने पाइपांमधले अंतर मोजा. फळ्या बसल्यावर ते मोजता येत नाही. शेवटचा हप्ता त्या मोजणीनंतर आणि क्लिपांच्या डब्यावरची ३१६ ही खूण पाहिल्यानंतर द्यायचा, असे करारातच लिहून घ्या.

नीलाक्षी

पन्हाळ आणि जाळी दोन्ही दरपत्रकात घालायला आजच कळवते. भरीव फळीचा तुकडा मागवला आहे; तो पाण्यातून काढून तोलला, की आकडा इथेच लिहीन.